येतो म्हणाले

लिफ्ट बंद पडली की माणसं आधी बटणं बडवतात, मग मोबाइलकडे बघतात आणि कोणीच येत नाही असं दिसलं की नाइलाजानं एकमेकांशी बोलायला लागतात. एकवीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतोय, तेरा वर्षं तिकडे आणि आठ इकडे परदेशात. हा क्रम कुठेच बदललेला मी पाहिला नाही. म्हणूनच खासदारांच्या कार्यालयांची सात मजली इमारत माझ्याकडे आली, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या मनात पाप आलं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकवायची. आत एक खासदार आणि मी. फार नाही, दोन मिनिटं.

दोन मिनिटं हा हिशोब नर्सताईंचा. नर्सताई आमच्या समितीच्या सर्वेसर्वा. समिती म्हणजे एका भाषेची बत्तीस घरं. प्रत्येक घरातलं एक माणूस इकडे, एक तिकडे आणि मध्ये पिवळा कागद. इथे व्हिसा नाकारल्याचं पत्र पिवळ्या कागदावर येतं. त्यामुळे आमच्यात ओळख झाली की आधी 'तुमचा पिवळा कधीचा?' असं विचारतात, आणि समितीला आम्हीच आपलं कावीळवाले म्हणतो. नर्सताईंच्या धाकट्या भावाचा पिवळा पाच वर्षांपूर्वीचा. आमच्या हिचा सहा.

एकदा नाकारलं की दहा वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. मधल्या काळात इकडच्या माणसानं अपील करायचं आणि वाट बघत बसायचं. अपील चालू असताना त्यानं देश सोडला, की अपील आपोआप रद्द. म्हणजे हिला इकडे आणायचं असेल तर मी तिकडे पाऊल टाकायचं नाही. ज्यानं हा नियम केला त्याचं लग्न झालेलं नसावं, किंवा होऊन फार वर्षं झाली असावीत.

दर रविवारी दुपारी आम्ही एका वाचनालयाच्या तळघरात जमायचो. नर्सताई गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेऊन उभ्या राहायच्या आणि एकेकाला उठवायच्या. "खासदार दोन मिनिटं देतो. तिसऱ्या मिनिटाला तो घड्याळ बघतो आणि चौथ्याला तुम्ही भिंतीशी बोलत असता. सुरुवात आकड्यानं करा. 'कृपा' हा शब्द नको. आणि रडायचं नाही. रडलात तर तो वेळ तुमच्याच दोन मिनिटांतून जाणार."

माझा आकडा चांगला होता. लग्नाला अकरा वर्षं, त्यातली तीन एका घरात. पण एक मिनिट दहा सेकंदांना माझी गाडी दर रविवारी अडायची, कारण तिथे यायचं, 'का नाकारलं?' पिवळ्या कागदावर एकच ओळ होती: पतीचा येथे कायम राहण्याचा इरादा असल्याचे अर्जदाराच्या उत्तरांवरून दिसत नाही.

अर्जदाराच्या उत्तरांवरून. म्हणजे हिनंच काहीतरी सांगितलं होतं. तेव्हा फोनवर मी विचारलं, तर म्हणाली, "विचारलं ते सांगितलं." मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती. हिला यायचंच नसेल तर? मुद्दाम उलटसुलट बोलली असेल तर? सहा वर्षं मी समितीत खासदारांच्या नावानं बोटं मोडत होतो आणि आतून संशय मात्र बायकोचा घेत होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? माझ्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक शेगडी. भिंतीपलीकडच्या माणसाची शिंक मी ओळखतो, त्याचा चेहरा ओळखत नाही. कामावर दिवसभर माझ्या भाषेतला एक शब्द कानावर पडत नाही. कधीकधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मी मोटरशी बोलतो, फक्त आवाज गंजू नये म्हणून. मोटर चांगली आहे, उलट विचारत नाही.

दोन वर्षांत समितीनं चारशेच्या वर पत्रं पाठवली. प्रत्येकाला तेच छापील उत्तर, आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग एका रविवारी माझ्या तोंडून सहज निघून गेलं की त्या इमारतीच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत.

नर्सताईंच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं. "अहो लिफ्टभाऊ, तुम्ही त्यांना रोज वर-खाली नेता आणि आम्ही इथे पाकिटं चिकटवतोय?"

"कंपनीचा नियम आहे ताई. प्रवाशांशी बोलायचं नाही."

"बोलू नका. त्यांनाच बोलायला लावा."

सातव्या मजल्यावर एक वयस्कर खासदारबाई होत्या. हातात काठी, त्यामुळे जिना बंद. आणि लिफ्टची भयंकर भीती, त्यामुळे आत मी दिसलो की बाईंना जरा बरं वाटायचं. रोज एकच प्रश्न, "मेकॅनिक, आज मधेच नाही ना थांबणार?" आणि मी रोज मान हलवायचो. त्या मंगळवारी मी बोललो.

"नाही थांबणार बाई. माझंच नशीब फुटकं."

"म्हणजे?"

"थांबली असती तर मला दोन मिनिटं मिळाली असती."

बाईंनी आकड्यांकडे पाहिलं. पाच. सहा. सात. दार उघडलं, पण बाई बाहेर गेल्या नाहीत. उंबरठ्यावर काठी आडवी धरून म्हणाल्या, "बोला. फक्त दार बंद होऊ देऊ नका."

दार उघडं ठेवायचं बटण दाबून मी बोलायला लागलो. त्या लिफ्टमध्ये दार चाळीस सेकंदांच्या वर अडवलं की बझर वाजतो, आणि तो बझर मीच महिन्यापूर्वी दुरुस्त करून ठणठणीत केला होता. वाचनालयातलं सगळं पाठांतर पार उडालं. आकडा शेवटी आला, 'कृपा' दोनदा आलं. पण रडलो नाही. माझ्या वतीनं बझरच रडत होता.

बाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "मुलाखतीत तुमच्या बायकोनं काय सांगितलं होतं?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"सहा वर्षांत?"

मी बटणावरचं बोट काढलं. बाई काठी टेकत निघाल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अर्जाचा नंबर माझ्या सचिवाकडे द्या. फाइल मागवायचा अधिकार मला आहे."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपल्याकडचं खरं. इकडे पाच आठवड्यांत फाइल आली. मी टूलबॉक्स घेऊनच बाईंच्या खोलीत गेलो, कारण कपडे कामाचे होते आणि हात रिकामे असले की माझं काय करावं ते मला कळत नाही. बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं. प्रश्न: पती निघताना काय म्हणाले? उत्तर: ते म्हणाले, मी परत येईन. प्रश्न: म्हणजे ते कायमचे परत येणार आहेत? उत्तर: होय.

मी मोठ्यानं हसलो. त्या खोलीत असं कोणी हसत नसावं, कारण बाहेरून सचिव डोकावून गेला. सहा वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस आणखी काय करणार?

"बाई, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जातो म्हटलं तर अभद्र वाटतं. भाजी आणायला निघालेलाही येतो म्हणतो आणि जेवून उठलेला पाहुणाही येतोच म्हणतो. मी येतो म्हणालो, हिनं तेच सांगितलं आणि त्या दुभाष्यानं ध चा मा करून ठेवला!" ध चा मा काय ते बाईंना समजावायला आणखी दोन मिनिटं गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

"आणि खरंच परत यायचं नसेल तेव्हा काय म्हणता?"

"तेव्हाही येतोच."

"मग बायकोला कळतं कसं?"

"कळतं," मी म्हणालो आणि पुन्हा हसलो. बाईही हसल्या.

मग चक्रं फिरली. नर्सताईंनी सगळ्या बत्तीस फाइली मागवायला लावल्या. त्यांतल्या अकरांमध्ये असाच घोळ निघाला. नर्सताईंच्या भावाला विचारलं होतं, वैद्यकीय तपासणी कधी झाली. तो म्हणाला, परवा. झालेली तपासणी कागदावर व्हायची राहिली, कारण आपला परवा मागेही असतो आणि पुढेही. एवढ्यावरून अर्ज अपूर्ण ठरवून पिवळा हातात दिला. बाई म्हणाल्या, सगळ्यांसाठी सवलत मागितली तर सभागृहात कोणी उभं करणार नाही, पण चालू विधेयकाला एक छोटं पोटकलम जोडता येईल: दुभाष्याच्या चुकीमुळे नाकारलेले अर्ज पुन्हा ऐकावेत. त्यासाठी एक साफ, कोणालाही एका वाक्यात पटेल असं उदाहरण हवं. आणि सगळ्यात साफ उदाहरण माझं होतं. गुरुवारी सभागृहाच्या समितीसमोर माझं प्रतिज्ञापत्र ठेवायचं ठरलं.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीतून हिला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. ही घरी शिवणकाम करते आणि माझ्याशी बोलताना मशीन चालूच ठेवते. आठ वर्षांत मला त्या खडखडीची इतकी सवय झालीय की ती नसेल तर लाइन तुटल्यासारखं वाटतं.

"अगं, सापडलं! तुझी काही चूक नव्हती. तू बरोबर सांगितलंस, दुभाष्यानं माती खाल्ली." मी सगळं एका दमात सांगितलं. येतो, परत येईन, पोटकलम, बाई, बझर.

मशीन थांबलं.

"दुभाष्या आपल्याकडचाच होता," ती म्हणाली. "वयस्कर, जाड भिंगांचा चष्मा. चांगला माणूस होता. मला पाणी दिलं त्यानं."

"आपल्याकडचा? मग तर त्याला समजायला हवं होतं!"

"समजलं होतं. साहेबाला सांगायच्या आधी त्यानं मला विचारलं. म्हणाला, बाई, निघताना म्हणतात तसं म्हणाले, की खरंच येतो म्हणाले? दोनदा विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, खरंच म्हणाले."

खाली कोणीतरी लिफ्ट बोलावली. माझ्या बाजूची मोटर सुरू झाली, फिरली, थांबली.

"तू असं का सांगितलंस?"

"कारण तुम्ही तसंच म्हणाला होतात. नुसतं येतो नाही. दारात चपला घालत होतात, उजव्या पायातली आत जात नव्हती. खाली बघूनच म्हणालात, दोन वर्षं काढतो आणि येतो. पुढचं लक्षात ठेवलंत, आधीचं विसरलात."

मी विसरलो नव्हतो. विसरलो होतो म्हणणं सोपं आहे, पण तिनं म्हटल्याबरोबर मला ती चप्पलसुद्धा आठवली.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात. कागद आले. इथे सही कर, तिथे फोटो लाव, अमुक तारखेला मुलाखत. मी गेले. साहेब विचारतो, नवरा येणार का. मी काय सांगू, नाही? परक्या माणसासमोर?"

"म्हणजे तुला इकडे यायचंच नव्हतं?"

"मला कोणी विचारलं कुठे? साहेबानं विचारलं, नवरा येणार का. तुम्ही विचारलंत, फॉर्म भरला का."

एरवी मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशा जातीचा माणूस. पण तेव्हा मी नुसतं मोटरवरचं ग्रीस बोटानं पुसत राहिलो.

"आई गेल्या तेव्हा मला वाटलं, आता तरी येतील," ती म्हणाली. आई म्हणजे माझी आई. शेवटची दीड वर्षं तिचं सगळं हिनंच केलं. "तेव्हाही अपील चालू होतं."

"मागे घेतलं असतं तर सगळं पाण्यात गेलं असतं गं."

"हो. तेव्हाही हेच म्हणाला होतात."

अपील मागे घेण्याचा अर्ज एका पानाचा असतो. तो कधीही देता येतो आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसता येतं. हे मला सहा वर्षं माहीत होतं. इतक्या वर्षांत मी नियमाला शिव्या घातल्या, खासदारांना घातल्या, न पाहिलेल्या दुभाष्याला घातल्या. हिला आणायचंच हे एकदा डोक्यात बसलं आणि मग हिच्याकडे जाणं म्हणजे हरणं वाटायला लागलं. मी मूर्ख आहे असं मला त्या खोलीत, मोटरच्या शेजारी उभं असताना स्वच्छ कळलं.

"तुला यायचंय का?" मी विचारलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

तिकडे कात्रीनं दोरा कापल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सही कधी करायचीय?"

"परवा."

"पुढचा परवा ना?"

"पुढचाच."

"बघते," ती म्हणाली. "ठेवते." आणि फोन ठेवला. रोज ती 'ठेवते'च म्हणते.

गुरुवारी सकाळी बाईंच्या खोलीत नर्सताई इस्त्रीची साडी नेसून माझ्या आधीच हजर होत्या. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या, जसा मीच खासदार. "लिफ्टभाऊ, काल भावाशी बोलले. रडला हो वेडा." त्यांनी स्टॉपवॉच आणलं नव्हतं.

सचिवानं कागद पुढे केला. मजकूर तीनच ओळींचा. निघताना मी पत्नीला 'येतो' असे म्हणालो. आमच्या भाषेत ही केवळ निरोप घेण्याची रीत आहे. परत येण्याचे कोणतेही आश्वासन त्यात नव्हते. खाली माझं नाव आणि रेघ.

तिसरी ओळ मी पुन्हा वाचली. हिला इकडे आणायचं, नर्सताईंच्या भावाला आणायचं, उरलेल्या नऊ घरांचे पिवळे फाडायचे, तर मी शपथेवर लिहून द्यायचं होतं की दारात चप्पल घालताना मी बायकोला दिलेला शब्द हा शब्दच नव्हता.

"काही चुकलंय का त्यात?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. पाच मिनिटं द्या. वर मोटर बघून येतो." येतो म्हणालो आणि बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

गच्चीवर जाऊन फोन लावला. मशीन चालू होतं. मी तिला तिन्ही ओळी वाचून दाखवल्या, आपल्या भाषेत करून, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. तिसऱ्या ओळीला मशीन थांबलं.

"करून टाका सही," ती म्हणाली. "त्या नर्सबाईंच्या भावानं काय बिघडवलंय? त्याचा परवा तर खराच मागचा होता."

"पण ही तिसरी ओळ खोटी आहे."

"काय म्हणालात?"

"खोटी आहे म्हटलं. मी शब्द दिला होता. दोन वर्षांचा. आणि पाळला नाही."

मग ती नाक ओढून म्हणाली, "एवढंच ऐकायचं होतं मला. सहा वर्षं झाली. तो साहेब, तो दुभाष्या, सगळे मला खोटं ठरवून गेले. तुम्हीसुद्धा."

"मी कधी तसं म्हणालो?"

"म्हणाला नाहीत. कळतं."

खालून लिफ्टची घंटा झाली. नर्सताई दाबत असणार, त्यांचं बोट आतापर्यंत मला ओळखू यायला लागलंय. "अगं, मी मंगळवारी विचारलं होतं ते," मी म्हणालो. "यायचंय का तुला?"

"खाली लोक खोळंबलेत तुमचे," ती म्हणाली. "जा आता." आणि फोन ठेवण्याआधी, आठ वर्षांत एकदाही 'ठेवते'च्या जागी दुसरं काही न म्हणणारी माझी बायको म्हणाली, "येते."

फोन बंद झाला. मी तो कानालाच धरून उभा राहिलो. निरोप घेतला, की खरंच येते म्हणाली? पुन्हा लावून विचारता आलं असतं. जाड भिंगांच्या त्या माणसानं दोनदा विचारलं होतं, मला एकदाही धीर झाला नाही.

मी खरंच धरलं. आणि खाली जाऊन, 'येतो' म्हणण्याला काही अर्थ नसतो असं सांगणाऱ्या कागदावर सही केली.